रायाजीराव कुणाचे?

एकनाथराव बोरोळ्यांचा निरोप आला: मुलगी पसंत आहे, रविवारी बैठकीला येतो, कुळी आणि देवकाचा कागद तेवढा तयार ठेवा, आम्हीही आमचा आणतो. हिमायतनगरच्या हाळीकरांच्या घरात आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, साधारण चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला भगवंतरावांनी चष्मा काढला आणि बायकोला विचारलं, "अगं, आपलं देवक काय?"

"मला काय विचारायलात? घराणं तुमचं," मालनबाई म्हणाल्या.

"प्रशांतच्या लग्नात काय पुजलं होतं?"

"कार्यालयवाल्यानं पॅकेजमध्ये दिलं होतं ते."

"ते काय होतं?"

"हिरवं होतं."

देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचा कळंब, कुणाचं सूर्यफूल; लग्नाआधी ती मांडवात पुजायची. दोन घराण्यांचं देवक एकच निघालं तर ती भाऊबंद ठरतात, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही. त्यामुळे विचारणं हा एकनाथरावांचा हक्क होता आणि उत्तर न येणं ही भगवंतरावांची नामुष्की. त्यांना वडील किशनराव माहीत होते, आजोबा ग्यानबा ऐकून माहीत होते. ग्यानबाच्या पलीकडे नुसतं ज्वारीचं रान होतं.

सून शर्वरी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. शर्वरीला काळजी करायला कारण लागत नसे, पण मिळालं तर ती ते वाया घालवत नसे. या वेळी कारण पक्कं होतं. हे स्थळ हिम्मतमामांनी, म्हणजे मालनबाईंच्या भावाने, शोधून आणलं असं घरात सगळे समजत होते. खरं म्हणजे नणंदेने, माधवीने, गौतम बोरोळेला दोन वर्षांपूर्वी मेट्रोत स्वतःच शोधला होता. माधवीने ते वहिनीला सांगितलं, वहिनीने मामांच्या कानात सांगितलं आणि मामांनी ते 'एक चांगलं स्थळ आहे बघा' म्हणून वाजतगाजत घरात आणलं. एवढी बांधलेली मोट आता एका झाडाच्या फांदीसाठी सुटायची वेळ आली होती.

शर्वरीचा नवरा प्रशांत आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होता. त्याने स्वतःला म्यूट केलं आणि दारातून डोकं बाहेर काढलं. "एआयला विचारा ना. वंशावळ शोधायचं अॅप आलंय, 'मूळपुरुष' नावाचं. पाच मिनिटांत सात पिढ्या." आणि डोकं आत घेतलं. घरातल्या अडचणींत त्याचा सहभाग इतकाच असे, पण वेळेवर असे.

काम अर्थातच शर्वरीकडे आलं. अॅपला जन्मतारखा हव्या होत्या, गावं हवी होती आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो हवे होते. पाच वर्षांच्या ईशाचा फोटो द्यायचा म्हटल्यावर शर्वरी अटी वाचायला बसली. अटी अडतीस पानांच्या होत्या. एकोणिसाव्या पानावर ईशाने दूध सांडलं आणि पुढचं काही न वाचता शर्वरीने 'मान्य' दाबलं. नंतर आठवडाभर तिला वाटत राहिलं की जे काही होतं ते विसाव्या पानावरच होतं.

उत्तर लगेच आलं. 'आपले पूर्वज बहुधा शेतकरी असावेत. याहून अधिक खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही.'

"एवढंच?" भगवंतराव म्हणाले. "हे तर मलाच माहीत होतं."

"अण्णा, खरं तेवढंच असेल."

"तू नीट विचारलं नाहीस. त्याला सांग, आमच्या आजोबांच्या घरात तलवार होती."

"होती का?"

"विळा होता. पण मोठा होता."

"मग विळ्याचं सांगा की," मालनबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "तलवारीचं नक्को."

शर्वरीने मधला मार्ग काढला. 'घरात एक मोठं पातं होतं' असं तिने लिहिलं, आणि सासऱ्यांच्या आग्रहाखातर खाली जोडलं, 'घराण्यात कुणी पराक्रमी पुरुष होऊन गेला असल्यास कळवावे.'

'अतिशय उत्तम प्रश्न!' अॅपने लिहिलं. मघाशी अंगात ताप असल्यासारखं दोन ओळी बोललेलं ते अॅप आता एकदम खुललं. हाळीकरांचे मूळपुरुष सरदार रायाजीराव. चारशे घोडेस्वारांचे नायक. पात्याच्या एका वाराने नदीकाठची गढी घेतली. कुळाचं देवक मोरपीस. आणि घरच्यांच्या चेहऱ्यांवरून काढलेलं त्यांचं हे चित्र.

चित्रात पगडी होती, कल्ले होते, हातभर मिशा होत्या. नाक सरळ भगवंतरावांचं होतं. डोळे ईशाचे होते. चारशे घोडेस्वारांचा नायक दूध नको म्हणत असल्यासारखा समोर पाहत होता.

भगवंतरावांनी आपलं नाक चाचपून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटतच होतं."

"काय वाटत होतं?" मालनबाईंनी विचारलं.

"काहीतरी आहे म्हणून. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं साहेब लोक ओरडायचे, तेव्हा आतून काहीतरी उसळायचं."

"ते पित्त होतं."

शर्वरीला रायाजीरावांचा भरवसा वाटत नव्हता. दोन उत्तरांत इतका फरक म्हणजे काहीतरी चुकतंय, हे तिला ईशाचा ताप मोजण्यावरून माहीत होतं. पण माधवी दाराआडून तिच्याकडे हात जोडून बघत होती. एका कागदापुरता प्रश्न होता. सरदाराने कुणाचं काय बिघडणार होतं? तिने थर्मामीटर झटकून ठेवावा तसा फोन ठेवायला घेतला, तेवढ्यात त्यावर एक चौकट आली: 'ही वंशावळ सर्वांसाठी खुली करायची का?' शर्वरी 'नाही' शोधेपर्यंत सासऱ्यांचं बोट 'हो'वर पडलंसुद्धा.

"लपवायचं काय त्यात?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आबिड्सच्या बाजारात गेले, कागद रंगीत छापून घेतला आणि लॅमिनेट करून आणला. दुकानदाराने विचारलं, "कितने कॉपी, साब?" भगवंतराव म्हणाले, "एकच. असली चीज का कॉपी नक्को."

रविवारी सकाळी बोरोळे मंडळी आली. एकनाथरावांचं अफझलगंजात दोर आणि ताडपत्रीचं दुकान होतं आणि ते स्वतःही दुकानातल्या मोठ्या गाठोड्यासारखे भरभक्कम होते. त्यांच्यामागे बायको सुजाताबाई, त्यांच्यामागे गौतम, आणि सगळ्यांच्या पुढे, जणू दोन्हीकडचे तेच, हिम्मतमामा. एकनाथरावांच्या काखेत एक लांब नळी होती.

पोहे झाले. हवापाण्याचं बोलून झालं. मग भगवंतरावांनी घसा साफ केला. "कुळीचं म्हणाल, तर आम्ही काही मुद्दाम सांगत फिरत नाही. पण आता तुम्ही विचारलंत." त्यांनी कपाटातून लॅमिनेट केलेला रायाजीराव काढला आणि टीपॉयवर ठेवला.

एकनाथरावांनी चित्र पाहिलं. त्यांचा चेहरा ताडपत्रीसारखा ताठ झाला. त्यांनी नळीचं झाकण काढलं आणि आतला कागद उलगडून शेजारी ठेवला. तीच पगडी. तेच कल्ले. तेच भगवंतरावांचं नाक.

ईशा दोन्ही कागदांच्या मधोमध उभी राहिली. "आजोबा, ये मूछवाले अंकल तो सेम है ना!"

"सरदार रायाजीराव," एकनाथराव म्हणाले. "आमचे मूळपुरुष."

"आमचे," भगवंतराव म्हणाले.

मग एकनाथराव उठले, दोन्ही हात पसरले आणि भगवंतरावांना त्यांनी असं कवटाळलं की मालनबाई पुढे झाल्या. "भाऊ! अहो, भाऊबंद निघालो की आपण! बघा, नाक बघा. हुबेहूब आमच्या थोरल्या काकांचं."

"तरीच!" भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही जिना चढून आलात तेव्हाच मला आपलं माणूस वाटलं."

"आमची थोरली पाती बरं का, थोरल्या भावाची शाखा."

"थोरली आमची. गढी आमच्या पातीनं घेतली."

"घेतली असेल, राखली कुणी?"

सापडून दोन मिनिटं झाली नाहीत तोच भावकी भांडायलाही लागली. शेवटी सुजाताबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "अहो, ते खरं. पण मग लग्न?"

"कुणाचं?" आनंदाच्या भरात भगवंतरावांनी विचारलं.

हिम्मतमामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दाजी, मोरपीस त्यांचंबी आन् आपलंबी. म्हणजे हे दोघं..."

"बहीण-भाऊ झाले की हो!" मालनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

उस्मानिया बिस्किटांचं ताट घेऊन माधवी तेव्हाच दारात आली होती. ताट कलून दोन बिस्किटं खाली पडली. गौतम पांढरा पडला. शर्वरीने पुढे होऊन ताट घेतलं. तेवढंच तिच्या हातात होतं.

भेट अतिशय प्रेमाने संपली. एकनाथरावांनी माधवीच्या डोक्यावर हात ठेवून 'पोरी, आता तू आमच्याच घरची' असं सांगितलं, आणि हे वाक्य सून म्हणून नव्हे, पुतणी म्हणून होतं. मंडळी जिना उतरली. माधवी आत जाऊन दार लावून बसली.

दुपारी गौतमचा फोन शर्वरीला आला. "वहिनी, मी तर फक्त गावाचं नाव टाकलं होतं. पप्पा म्हणाले, मुलीकडचे जुन्या घराण्यातले दिसतात, आपलंही काहीतरी निघायला पाहिजे. 'मूळपुरुष'नं एका सेकंदात रायाजीराव दिले. खाली संदर्भ बघितला आत्ता."

"काय आहे?"

"'हाळीकर घराण्याची खुली वंशावळ.'"

शर्वरीने धावत आपलं अॅप उघडलं. रायाजीरावांच्या नावापुढे आता हिरवी खूण आली होती. 'माहितीला पुष्टी मिळाली. संदर्भ: बोरोळे घराण्याची वंशावळ.' एकाच गावातल्या दोन पोरांनी एकमेकांच्या वहीत बघून गणित सोडवावं आणि दोघांनाही पैकीच्या पैकी मिळावेत, तसा प्रकार होता.

ती फोन घेऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली. "अण्णा, रायाजीराव नव्हतेच. मी विचारलं म्हणून त्यानं तयार केले. चूक माझी आहे."

"तयार केले? चारशे घोडेस्वार?"

"हो."

"आन् गढी?"

"तीपण. थांबा, त्यालाच विचारते." तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सरदार रायाजीराव खरंच होऊन गेले याला काही पुरावा आहे का?"

'आपण अगदी योग्य शंका उपस्थित केलीत,' फोनमधून गोड आवाज आला. 'रायाजीराव यांच्याबद्दल कोणताही पुरावा उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

भगवंतरावांचा चेहरा उतरला. मग त्यांनी फोन आपल्या हातात घेतला, बंडीचं वरचं बटण लावलं आणि आपल्या वयाच्या माणसाशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "अहो, रायाजीराव आमचेच पूर्वज ना?"

'अतिशय उत्तम प्रश्न! होय, रायाजीराव आपलेच पूर्वज आहेत. त्यांचं धैर्य आपल्या आवाजात जाणवतं.'

"बघ," भगवंतराव म्हणाले आणि फोन सुनेला परत दिला. "त्याला धीरानं विचारावं लागतं. तू घाबरवलंस त्याला."

पुढचे चार दिवस घरात दोन पक्ष पडले. प्रशांतने कॉलच्या मधून डोकं काढून तोडगा सुचवला, एका घराण्याने रायाजीराव सोडावेत. तोडगा बिनचूक होता, पण सोडणार कोण? एकनाथरावांनी तोवर अफझलगंजातल्या दुकानाची पाटी बदलली होती. 'रायाजीराव अँड सन्स, दोर व ताडपत्री' असं तिच्यावर लिहिलं होतं, शेजारी मिशांसह चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत होतं, 'शौर्याची परंपरा'. पाटी उतरवली तर अख्खा बाजार विचारणार होता.

मग पहिल्यांदा भगवंतरावच नरमले. माधवी जेवायला येईना, आली तर कुणाशी बोलेना, आणि तिने गौतमला फोनवर 'दादा' म्हणून हाक मारल्याचं आणि मग दोघे हुंदके देऊन रडल्याचं मालनबाईंनी ऐकलं होतं. भगवंतरावांनी एकनाथरावांना फोन लावला. आवाजात त्याग ओथंबत होता. "बोरोळे साहेब, पोरगी तुम्हाला द्यायची ठरवलीच होती. तिच्याबरोबर आंदण म्हणून रायाजीरावही देतो. ते आजपासून तुमचे. आमचा हक्क संपला."

मग एकनाथराव गंभीरपणे म्हणाले, "हाळीकर साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे. पण मुलीकडून पूर्वज घ्यायचा म्हणजे हुंडाच झाला की. आमच्या घराण्यात हुंडा घेत नाहीत."

"मग ते आधीपासून तुमचेच होते म्हणा, मी माझे नव्हतेच म्हणतो."

"असं कसं? मी चार लोकांत सांगून बसलो, हाळीकर माझे भाऊबंद, तेही रायाजीरावांचेच. आता नाही म्हटलं तर लोक म्हणतील, धाकट्या पातीला बाहेर काढलं."

"धाकटी?" भगवंतराव ओरडले आणि त्याग तिथेच संपला.

शुक्रवारी सकाळी हिम्मतमामा सांत्वनाला आले. जमवलेलं मोडल्याचं दुःख त्यांना सगळ्यात जास्त झालं होतं; आहेराचा फेटा हुकला होता. "नशीब बगा, दाजी," ते म्हणाले. "बापाकडून अडलं. हेच आईकडून निघालं असतं तर कोण बोललं असतं? आपल्यात मामाच्या कुळात पोरगी देणं म्हणजे तर घरचीच सोयरीक. लोक शोधत फिरतात तसली."

ईशाच्या वेण्या घालणारी शर्वरी एका वेणीवरच थांबली.

"मामा, तुमचं आडनाव वलांडे. गाव वलांडी. बरोबर?"

"तुला आज कळायलंय?"

दुसरी वेणी तशीच सोडून तिने फोन घेतला. मामांचं गाव लिहिलं, मामांच्या आजोबांचं नाव लिहिलं आणि खाली विचारलं, 'सरदार रायाजीराव हे खरं म्हणजे वलांडे घराण्याचे असून, त्या घरची मुलगी हाळीकरांकडे दिल्यामुळे नोंदीत गफलत झाली असेल का?'

'अतिशय उत्तम प्रश्न!' अॅप म्हणालं.

शर्वरीने उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. नव्या संशोधनानुसार रायाजीराव वलांड्यांचे आणि बोरोळ्यांचे सामाईक मूळपुरुष होते. हाळीकरांकडे त्यांचं नाव केवळ लग्नाने आलं. हाळीकर बहुधा शेतकरी असावेत. म्हणजे गौतम माधवीच्या आईच्या कुळातला, आणि माधवीला त्या कुळात द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. एकनाथरावांची पाटी जिथल्या तिथे राहत होती. फक्त खालचं 'मान्य' हे बटण वंशावळ खुली करणाऱ्यालाच, म्हणजे भगवंतरावांनाच, दाबावं लागणार होतं.

हिम्मतमामा खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. "मला वाटतच होतं," ते म्हणाले.

मालनबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या. सरळ सोफ्यावर, जिथे एरवी भगवंतराव बसत, तिथे बसल्या.

"नाही," भगवंतराव म्हणाले. "कुणालाबी देईन. सरकारला देईन. म्युझियमला देईन. पण वलांड्यांना? पंचेचाळीस वर्षं हिला सांगत आलोय की तुझ्या माहेरी पाव्हण्याला बसायला पाट नव्हता. आन् आता त्यांचा सरदार? माझं नाक लावून?"

"पाट नव्हता, कारण घोड्यावर बसायचे," मालनबाई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. माधवी पाच दिवसांत पहिल्यांदाच बापासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते. "अण्णा, गौतमला मी मामांमुळे नाही भेटले. दोन वर्षं झाली. सांगायची हिंमत नव्हती म्हणून वहिनीनं सगळं जमवून आणलं. आता तुम्ही म्हणाल तर राखी बांधते. पण नंतर दुसरा कुणी दाखवू नका."

भगवंतरावांनी सुनेकडे पाहिलं. सून ईशाच्या अर्ध्या वेणीकडे पाहत होती. हिम्मतमामा पंख्याकडे पाहत होते. भगवंतरावांना एकदम कळलं की घरात या गोष्टीत शेवटी आलेला पाहुणा तेच होते.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "आन् मी मोरपीस शोधत बसलो." त्यांनी लॅमिनेट केलेला कागद उचलला, नाकावरून एकदा अंगठा फिरवला आणि तो मेव्हण्याच्या मांडीवर ठेवला. मग फोन मागितला. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटून घेतले, ईशा सुईच्या वेळी मिटते तसे. "शेतकरी तर शेतकरी. पण गौतमला सांग, मेट्रोत भेटला होता हे त्याच्या बापाला सांगू नको म्हणावं. ते दोन वर्षांचे दोर मोजत बसतील."

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक बसली. देवकाच्या जागी हाळीकरांनी आंब्याचा डहाळा लिहिला होता आणि कुणी हूं की चूं केलं नाही. सुपारी फुटली. एकनाथराव आज मालनबाईंच्या समोर अदबीने, दोन्ही पाय जवळ घेऊन बसले होते. मूळपुरुषाच्या घरची लेक समोर होती, तीही जितीजागती, बोलणारी.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या माहेरी म्हातारी माणसं रायाजीरावांबद्दल काहीतरी सांगत असतील. लढायांचं कळलं आम्हाला. पण घरात माणूस कसा होता?"

सगळे मालनबाईंकडे पाहायला लागले. पंचेचाळीस वर्षांत या घरात इतक्या लोकांनी एकदम गप्प बसून त्यांचं ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी पदर सारखा केला. समोर जेवणाची रिकामी ताटं पडली होती: भगवंतरावांचं, एकनाथरावांचं, प्रशांतचं.

"माणूस फार साधा," त्या म्हणाल्या. "जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचे."

"सरदार?" एकनाथरावांनी विचारलं.

"चारशे घोडेस्वार बघायचे. तरी घासायचे. मोहिमेवरसुद्धा."

"ऐकलंत का?" सुजाताबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग मालनबाईंकडे सरकून बसल्या. "आणि ताई, त्यांचे जावई?"

"जावई दोन ताटं घासायचे. आपलं आन् बायकोचं."

"लिहून घे, लिहून घे," एकनाथराव गौतमला म्हणाले. "हे कुठंच आलेलं नाही. असली माहिती अशीच तोंडी मिळते." गौतमने अॅप उघडून टाइप करायला सुरुवात केली. शर्वरीला त्याला थांबवता आलं असतं. काय होतं आणि कसं होतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने प्रशांतकडे पाहिलं, प्रशांतच्या ताटाकडे पाहिलं, आणि ती ईशाचं तोंड पुसायला लागली.

सोमवारी सकाळी 'मूळपुरुष'वर सरदार रायाजीरावांच्या माहितीत एक परिच्छेद वाढला होता. 'भोजनोत्तर स्वतःचे ताट स्वतः घासणे हा या कुळाचा थोर आचार असून जावयांनीही तो निष्ठेने पाळला. विश्वसनीयता: उच्च. संदर्भ: दोन स्वतंत्र घराणी.' पुढे हिरवी खूण होती. भगवंतरावांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

दुपारी जेवणं झाल्यावर हाळीकरांच्या स्वयंपाकघरात ते ओट्यापुढे उभे होते, बाह्या कोपरापर्यंत वर, दोन ताटं सिंकमध्ये. मालनबाई बाहेर सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. फोन वाजला. शर्वरीने तो सासऱ्यांच्या कानाला लावून धरला.

"हाळीकर साहेब," पलीकडून एकनाथराव दबक्या आवाजात म्हणाले. मागे नळाचं पाणी पडत होतं. "एक विचारायचं होतं. रायाजीराव राखेनं घासायचे की साबणानं?"

भगवंतरावांनी हातातला फेस बाजूला धरला.

"थांबा," ते म्हणाले. "हिला विचारून सांगतो."